ई-ऑफिस: आस्थापना शाखेच्या टेबलावरून

आधी निकाल, मग टिपणी. ई-ऑफिसला, म्हणजे सरकारी फायली कागदाऐवजी संगणकावर चालवायच्या प्रणालीला, माझ्याकडून पाचपैकी साडेतीन. त्यातले दोन गुण एकट्या एका गोष्टीचे: फाईल कुणाच्या टेबलावर, कधीपासून पडलीय हे आता कुणाला लपवता येत नाही. कापलेल्या दीड गुणातला मोठा वाटा सॉफ्टवेअरचा नाही, ते वापरणाऱ्या आपल्या कार्यालयांचा आहे, आणि मला जास्त बोलायचंय ते त्यावरच.

मी महसूल खात्यात सहायक महसूल अधिकारी, जुन्या नावाने अव्वल कारकून, आहे, जिल्हाधिकारी कार्यालयात आस्थापना शाखेला, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या रजा, बदल्या, चौकश्या जिथे चालतात तिथे. जिल्हा सांगत नाही. सरकारी नोकरांचे १९७९ चे वर्तणूक नियम बाकीच्यांना पाठ नसले तरी आमच्या शाखेला असावे लागतात, दुसऱ्यांना नोटिसा आम्हीच काढतो. नोकरीला लागले तेव्हा टंकयंत्रावर कार्बन घालून चार प्रती काढायच्या आणि चौथी देवाच्या भरवशावर पाठवायची असा काळ होता. नंतर सेवार्थ नावाच्या प्रणालीवर पगारबिलं गेली, बीम्स नावाच्या प्रणालीवर अनुदानाचं वाटप गेलं, आणि मग हे आलं. लिहायचं निमित्त असं की २०२५ मध्ये आधी १०० दिवसांचा आणि पाठोपाठ १५० दिवसांचा सुधारणा कार्यक्रम लागला, ई-ऑफिस खालपर्यंत न्यायची घाई झाली, आणि तेव्हापासून तालुक्यांतले ओळखीचे लोक फोन करून एकच विचारतात: "ताई, त्यानं काम खरंच कमी होतं का हो?"

कमी होत नाही, जागा बदलतं. कुठे जाऊन बसतं ते आधी माहीत असलं तर निम्मा त्रास वाचतो.

ज्यांनी पाहिलंच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. ही प्रणाली एनआयसीची, म्हणजे केंद्राच्या राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची, केंद्रीय सचिवालयाच्या कार्यपद्धतीवर बेतलेली. तिच्यात रजा, दौरे, कार्यमूल्यमापन असे बरेच कप्पे आहेत, पण आपल्याकडे ई-ऑफिस म्हटलं की ई-फाईल. पडद्यावर डावीकडे टिपणी, उजवीकडे पत्रव्यवहार, म्हणजे उघडलेली कागदी फाईल दिसते तशीच. टपाल बारनिशीत, म्हणजे आवक-जावकच्या खोलीत, स्कॅन होतं, डायरी क्रमांक पडतो, टेबलाच्या इनबॉक्सात येतं. टेबलवाल्याने ते संचिकेला जोडायचं आणि पिवळ्या पानावर टिपणी लिहायची. पिवळं पान हवं तितकं खोडा. पक्कं केलं की ते हिरवं होतं, आणि फाईल एकदा पुढे गेली की त्या हिरव्या पानाला ब्रह्मदेवही हात लावू शकत नाही. मसुदा तिथेच, मंजुरी तिथेच, डिजिटल स्वाक्षरी तिथेच, जावकही तिथूनच.

त्या हिरव्या पानाची किंमत आस्थापना शाखेला विचारा. विभागीय चौकशीच्या कागदी फायलींत पृष्ठक्रमांक पेन्सिलने घालायची एक जुनी रीत होती. पेन्सिलनेच का, हे नव्या माणसाने विचारायचं नसतं. मधलं एखादं पान निघून दुसरं बसायचं, मागच्या तारखेची सही पडायची, आणि पाच वर्षांनी प्रकरण न्यायाधिकरणात गेलं की सरकारी वकील आमच्याकडे बघायचे आणि आम्ही छताकडे. आता प्रत्येक टिपणीखाली नाव, पद, तारीख आणि वेळ मिनिटासकट छापून येते. माहिती अधिकारात कुणी टिपण्यांच्या प्रती मागितल्या तर पूर्वी फाईल शोधण्यातच तीस दिवसांतले पंचवीस जायचे. आता अख्खी फाईल पीडीएफ करून घ्यायची, पानं मोजायची, पानाला दोन रुपये याप्रमाणे पत्र द्यायचं. अर्धा तास. शाखेतलं एवढं एक काम तरी निखळपणे कमी झालंय, आणि ते श्रेय मी प्रणालीला पूर्ण देते.

२१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा किती फायली गेल्या ते सगळ्यांनी वाचलं. आम्ही ते जिल्ह्यात भोगलं, कारण नंतर फायली पुन्हा उभ्या करायला आमच्याकडून जुन्या पत्रांच्या स्थळप्रती, म्हणजे कार्यालयात ठेवलेल्या प्रती, मागवल्या गेल्या. रेकॉर्डरूममध्ये रुमालांत बांधलेले गठ्ठे सोडून सोडून, धुळीने खोकत, आम्ही आमचीच पत्रं आमच्याच दप्तरातून शोधत होतो. तेव्हापासून ई-ऑफिसला "हे कशाला" असं मी तरी म्हटलेलं नाही.

आता मुख्य मुद्दा, कामाचा उरक. २००५ चा बदल्यांचा आणि दफ्तर दिरंगाईचा कायदा आपल्या सगळ्यांना लागू आहे. त्यात म्हटलंय की फाईल सर्वसाधारणपणे एका माणसाकडे सात कामाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये. तातडीची असेल तर चार दिवस, आणि अतितातडीची असेल तर त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी सकाळी निकाली. कायदा चांगलाच होता, फक्त ते दिवस मोजायचे कुणी? कार्यविवरण नोंदवही ज्याची त्यानेच लिहायची, आठवड्याचा गोषवारा त्यानेच काढायचा. स्वतःच्या हाताने स्वतःविरुद्ध "प्रलंबित" लिहिणारा कारकून मी या नोकरीत पाहिला नाही. मी स्वतःही तशी नव्हते. आता फाईल किती दिवस कुणाकडे होती ते यंत्र सांगतं, आणि साहेबांचेही दिवस सांगतं, हे विशेष. पूर्वी विलंबाचा खुलासा फक्त खालच्याला मागितला जायचा.

याचा परिणाम पहिल्या काही महिन्यांत खरोखर दिसला. आमच्याच कार्यालयातल्या एका शिपाई मामांचं उदाहरण देते. बायकोच्या ऑपरेशनचं वैद्यकीय प्रतिपूर्तीचं बिल होतं. एरवी ही फाईल टेबलावरून नायब तहसीलदार, तिथून तहसीलदार, तिथून निवासी उपजिल्हाधिकारी अशी चढायची, आणि प्रत्येक पायरीला कुणीतरी बैठकीला, दौऱ्यावर नाहीतर निवडणुकीच्या कामाला. मामा स्वतःच शिपाई असल्यामुळे स्वतःची फाईल स्वतःच काखेत मारून या खोलीतून त्या खोलीत न्यायचे. या वेळी मी सकाळी टिपणी टाकली. आरडीसी साहेब, म्हणजे निवासी उपजिल्हाधिकारी, पूरस्थितीच्या पाहणीला बाहेर होते, तिथून त्यांनी टॅबवर मंजुरी दिली. संध्याकाळी मामांना म्हटलं, झाली हो तुमची मंजुरी. त्यांना पटेना. "मॅडम, सही कुठंय?" म्हणून पडद्याला डोळे लावून उभे.

पण पैसे? मूळ बिलं कागदावरच होती. ती जिल्हा शल्य चिकित्सकांकडे तपासणीला कागदावरच गेली होती आणि कागदावरच परत आली होती. कोषागारात जायचं देयकही मूळ कागद जोडूनच. आणि त्या उपशीर्षाखाली बीडीएसला, म्हणजे अनुदान वाटपाच्या प्रणालीत, अनुदान शिल्लक नव्हतं, ते आलं दिवाळीनंतर. मंजुरी एका दिवसात, पैसे चार महिन्यांनी. मासिक आढाव्यात मात्र आमची शाखा हिरवी: प्रकरण एका दिवसात निकाली.

मला ई-ऑफिसबद्दल जे म्हणायचंय ते इथेच आहे. ते फाईलचा प्रवास मोजतं, कामाचा शेवट मोजत नाही. आणि वरून आकडे बघणाऱ्याला प्रवास म्हणजेच काम वाटायला लागलं की खालचे लोक प्रवास घडवून आणायला शिकतात. शिकलेच. सातवा दिवस जवळ आला की फाईल "कृपया चर्चा करावी" म्हणून खाली येते. चर्चा होत नाही. खालचा दोन दिवस ठेवून "फेरसादर" म्हणून वर पाठवतो, आणि वरच्याचे सात दिवस पुन्हा पहिल्यापासून. कुणाच्याही नावावर विलंब नाही, निर्णयही नाही. आढावा बैठकीच्या आदल्या संध्याकाळी माझ्या इनबॉक्सात जेवढ्या फायली उतरतात तेवढ्या एरवी आठवडाभरात उतरत नाहीत. चेंडू ढकलण्याचा हा खेळ कागदावरही होता, पण तेव्हा त्यात निदान जिने चढावे लागायचे.

दुसरी गंमत संख्येची. एका बैठकीत ठरलं की कुठल्या शाखेने किती ई-फायली उघडल्या यावर शाखांचा क्रम लावायचा. झालं. पूर्वी आम्ही किरकोळ रजेपासून अर्जित रजेपर्यंत एका कर्मचाऱ्याची वर्षाची सगळी प्रकरणं एका संचिकेत ठेवायचो. आता प्रत्येक अर्जाला नवी फाईल. शेजारच्या शाखेने तर चहाच्या बिलाची वेगळी आणि बिस्किटांच्या बिलाची वेगळी उघडली. क्रमवारीत ते पहिले आले, त्यांचा सत्कार झाला, पुष्पगुच्छाच्या बिलाचीही फाईल झाली असणार. हसण्यावारी नेता येईल, पण तीन वर्षांनी कुणाची रजा लेख्याशी पडताळायची वेळ आली की त्या तुकड्यांतून माणूस जुळवायला जो जीव जाईल तो आमचाच. दप्तर सहा गठ्ठ्यांत लावायची सहा गठ्ठा पद्धत शिकवणारे आमचे जुने चिटणीस हे पाहायला हवे होते.

यात दोष प्रणालीचा म्हणाल तर एवढाच की तिच्यातून काढायला सोपे असे आकडे नेमके हेच आहेत, किती फायली उघडल्या आणि किती पुढे गेल्या. अर्जदाराला शेवटी काय मिळालं आणि कधी, हा रकाना तिच्याकडे नाही. तो आपणच ठेवायला हवा. आमच्या शाखेत मी साध्या वहीत ठेवते.

आता ज्या गोष्टीने शाखेचा खरा वेळ खाल्लाय तिच्याकडे येते, आणि ती ई-ऑफिस नाही. ती आहे ई-ऑफिसच्या आजूबाजूला माजलेलं रान. रिक्त पदांची माहिती घ्या. वर्षभर कुणी ना कुणी मागत असतं. सकाळी व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल शीटची लिंक पडते, "तात्काळ भरावी". भरली. दुपारी ईमेल येतो, सोबतच्या एक्सेलमध्ये तीच माहिती, फक्त रकाने वेगळ्या क्रमाने. भरली. तेवढ्यात ई-ऑफिसवर त्याच विषयाचं रीतसर पत्र येतं, त्याला रीतसर टिपणी, मसुदा, मंजुरी, जावक. आणि त्या पत्राच्या शेवटी काय, तर "स्वाक्षांकित प्रत खास दूतामार्फत सादर करावी". चार वाजता व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक, तिच्यासाठी तीच माहिती स्लाइडवर. माहिती निरंक, म्हणजे शून्य, असेल तरी निरंक म्हणून चारही ठिकाणी कळवायचं.

गुगल शीट हा तर स्वतंत्र छळ. जिल्ह्यातले सगळे तालुके एकाच शीटवर एकाच वेळी बसलेले. कुणीतरी एकच रकाना निवडून चढत्या क्रमाने लावतो, आणि एका तालुक्याचे तलाठी दुसऱ्याच्या नावासमोर जाऊन बसतात. मग ग्रुपवर ओरड: "माझी ओळ कुणी पुसली?" मी आता लिंक उघडली की आधी आमच्या तालुक्यांच्या ओळींचा स्क्रीनशॉट काढते, मग भरते. भरून झाल्यावर पुन्हा स्क्रीनशॉट. हे माझ्या कर्तव्यसूचीत कुठेही लिहिलेलं नाही, पण रोजची तासभराची नोकरी हीच.

म्हणजे कागद जाऊन संगणक आला असता तर काम कमी झालं असतं. इथे कागद राहिला आणि त्याच्यावर संगणकाचे चार थर चढले. डिजिटल झालो म्हणून कुणी सांगायला लागलं की मी एकच विचारते, आल्यापासून बंद काय केलंत? आमच्याकडे अमुक नोंदवही आजपासून बंद, असं पत्र निघायला दीड वर्ष लागलं. तोपर्यंत आवकची नोंद मशीनवरही आणि जाड रजिस्टरवरही. ते पत्रसुद्धा एका प्रांत साहेबांनी भांडून काढायला लावलं. तपासणीच्या वेळी रजिस्टर मागतील म्हणून सगळे घाबरलेले. बंद करायचा आदेश लेखी हवा, तोंडी सांगून कुणी नोंदवही बंद करत नाही, मीही करणार नाही.

बारनिशीबद्दल सांगितल्याशिवाय हे परीक्षण पुरं होणार नाही. पूर्वी बारनिशी म्हणजे शिक्षेची जागा नाहीतर आरामाची. शिक्का मारा, नंबर टाका, वाटून द्या. आता सगळ्या इमारतीचा उरक त्या एका खोलीवर अवलंबून आहे. तिथे स्कॅन उलटा झाला तर खाली सहा माणसं मान वाकडी करून वाचतात. आमच्याकडे सुरुवातीला जो स्कॅनर दिला तो झाकण उघडून एकेक पान ठेवायचा. तालुक्याहून सव्वादोनशे पानांचा प्रस्ताव आला की बारनिशीतला मुलगा सकाळी बसायचा तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत एवढंच. मोठी पीडीएफ चढायची नाही, मग तुकडे करा. कंटाळून तो फक्त पहिलं पत्र स्कॅन करायला लागला आणि "सहपत्रे कागदी स्वरूपात" असा शेरा. त्याला मी दोष देत नाही. पानं आपोआप ओढणारा स्कॅनर आला त्या आठवड्यात टपालाचा तुंबारा उतरला. तेवढ्यासाठी प्रशिक्षणाची तीन सत्रं झाली होती, त्यांत सगळ्यांना "मानसिकता बदला" असं सांगितलं होतं. बदलायचा होता स्कॅनर.

टायपिंगचंही तसंच. आमच्या पिढीचा हात कृतीदेव या जुन्या फाँटवर बसलेला. ई-फाईलला युनिकोड लागतं. जुनी टिपणी वर्डमधून उचलून इथे चिकटवली की इंग्रजी अक्षरांचा चिवडा पडतो. ज्यांनी मराठी तीस शब्दांची परीक्षा कधीकाळी रेमिंग्टन टंकयंत्रावर दिली त्यांना पन्नाशीत इन्स्क्रिप्ट हा वेगळा कीबोर्ड शिकवणं म्हणजे जाचच. काहींनी रेमिंग्टनचाच युनिकोड कीबोर्ड टाकून घेतला, तो उत्तम मार्ग, ज्यांना माहीत नाही त्यांनी करून घ्या. काही मोबाईलवर बोलून मजकूर काढतात. आमच्या एका भाऊसाहेबांची टिपणी "मान्यतेस्तव चादर" अशी तहसीलदारांपर्यंत गेली. हिरव्या पानावर आहे, कायमची.

अधिकाऱ्यांबद्दल जरा जपून लिहिते. बहुतेक तरुण अधिकारी स्वतः वाचतात, स्वतः लिहितात, आणि त्यांच्याबरोबर काम करणं पूर्वीपेक्षा शंभर पटीने सुखाचं झालंय. पण एका कार्यालयात मी असंही पाहिलंय की स्वीय सहायक सकाळी सगळ्या फायलींच्या प्रिंट काढतो, साहेब त्यावर लाल पेनाने लिहितात, आणि संध्याकाळी तो ते पडद्यावर उतरवून साहेबांच्या डोंगलने, म्हणजे डिजिटल सहीच्या पेनड्राइव्हसारख्या किल्लीने, सही करतो. पिन मॉनिटरच्या खालच्या बाजूला चिकटवलेला. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० सालचा आहे, त्याने डिजिटल स्वाक्षरीला हस्ताक्षराइतकंच वजन दिलंय. उद्या त्या सहीवर काही निघालं तर "मी नव्हतो, पीए होता" हे कोण ऐकून घेईल? खालच्यांनाही सांगते, दुसऱ्याचं डोंगल हातात घेऊ नका. चांगुलपणा म्हणूनसुद्धा नाही.

बदल्यांचा हंगाम वेगळा. एप्रिल-मे मध्ये आदेश निघतात, माणूस कार्यमुक्त होतो, आणि त्याच्या पदाचा इनबॉक्स तसाच राहतो. प्रणाली पदावर चालते, माणसावर नाही, ही कल्पना चांगली आहे: नवा माणूस त्या पदावर जोडला की जुन्या फायली त्याला आपसूक दिसतात, पदभाराच्या याद्या करत बसावं लागत नाही. पण जोडायचं काम जो करतो त्याचीही बदली झालेली असली तर? मग पंधरा दिवस फायली रिकाम्या खुर्चीकडे जात राहतात. एवढं एक काम दोन माणसांना येत असलं पाहिजे, एकाला नाही. रिक्त पदांचं तर काय सांगू, माझ्याकडे सध्या तीन टेबलं आहेत आणि तीन इनबॉक्स. हात दोनच आहेत.

वेळेचंही लिहायला हवं. २९ फेब्रुवारी २०२० पासून आपल्याला पाच दिवसांचा आठवडा मिळाला आणि बदल्यात पावणेदहा ते सव्वासहा अशी वेळ वाढली. ई-ऑफिसने ती वेळ कागदावरच ठेवली. रात्री पावणेबाराला मंजूर झालेल्या फायली मी पाहिल्यात, आणि सकाळी दहाला "रात्री पाठवली होती, अजून पत्र निघालं नाही?" हा प्रश्नही ऐकलाय. आमच्या शाखेपुरता मी नियम केलाय: सव्वासहानंतर आलेली फाईल दुसऱ्या दिवशीची समजायची. अजून कुणी हरकत घेतलेली नाही. कर्मयोगी या सरकारी ऑनलाइन प्रशिक्षणाच्या संकेतस्थळावरच्या अभ्यासक्रमांबद्दल काही लिहीत नाही. आवाज बंद करून चालू ठेवलेले व्हिडिओ सगळ्यांनीच पाहिलेत.

एवढी कुरकुर करून साडेतीन गुण का, तर आमच्या शाखेतल्या एका मुलीमुळे. नवी महसूल सहायक, स्पर्धा परीक्षेतून आलेली. पूर्वी आम्ही फाईल वर पाठवताना महत्त्वाच्या पानांना कागदाच्या पताका लावायचो, पताका अ, पताका ब, टाचणीने. पडद्यावर पताका नाहीत म्हणून आम्ही सगळे "पृष्ठ ६३ पहावे" असं लिहून मोकळे. वरचा अधिकारी दीडशे पानांच्या स्कॅनमध्ये ६३ शोधायचा, कंटाळायचा, "चर्चा करावी" लिहून परत पाठवायचा. ही मुलगी एक दिवस म्हणाली, "मॅडम, टिपणीतूनच त्या कागदाला दुवा देता येतो. ते बटण कुणी वापरतच नाही." तिने शासन निर्णयाला दुवा दिला, अर्जाला दिला, मागच्या मंजुरीला दिला. टिपणी जेमतेम बारा ओळींची: विषय काय, नियम काय, रक्कम किती, अनुदान आहे की नाही, आदेश कसला हवा. बोट लावलं की कागद समोर.

महिनाभराने आरडीसी साहेबांचे स्वीय सहायक मला म्हणाले, "ताई, त्या पोरीच्या फायली साहेब आधी घेतात. वाचायला त्रास नाही म्हणतात." ज्या फायली दोनदा चर्चेला खाली यायच्या त्या पहिल्या फेरीत मंजूर होऊन येऊ लागल्या. आता शाखेत सगळे तसं करतात, मीही. प्रशिक्षणात हे बटण दाखवलंच नव्हतं. लॉगिन कसं करायचं, पासवर्ड कसा बदलायचा, यातच सत्र संपलं होतं.

तेव्हा ज्यांच्याकडे आता सुरू होतंय त्यांनी पहिल्या दिवसापासून टिपणीत दुवे द्यायची सवय लावा. जुन्या सगळ्या फायली स्कॅन करायच्या फंदात पडू नका, चालू प्रकरणं घ्या. वर्षाने नष्टच करायचं असतं ते 'ड' वर्गाचं रेकॉर्ड स्कॅन करत बसलेलं एक कार्यालय मला माहीत आहे. चुकीच्या माणसाला फाईल गेली तर त्याने उघडायच्या आत परत ओढता येते, घाबरू नका. कुठल्या नोंदवह्या बंद, याचं लेखी पत्र मागा. आणि सगळ्यांत आधी पानं आपोआप ओढणारा स्कॅनर मागा, एक नाही, दोन. ते मागणीपत्र मात्र कागदावर, दोन प्रतींत द्या. आमच्याकडे तरी भांडार शाखा अजून ई-ऑफिसवर आलेली नाही.